पोहऱ्याची रेघ

दादाचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मी पुण्यात, आमच्या संस्थेत, चहाचा कप हातात धरून एका नव्या आयनाचं गणित सुटायची वाट बघत होते.

“स्वरू, तुझं यंत्र आईच्या श्वासात फवारणीचं औषध दाखवतंय,” तो म्हणाला. “आज चौथा दिवस.”

“आणि तुमच्या?”

“तेच तर. बागेत फवारतो मी, औषध कालवते सारिका. आमचे दोघांचे श्वास निर्मळ. आणि जी गोठ्यापलीकडं जात न्हाई तिच्याच...” तो थांबला. “यंत्र चुकतं का गं कधी?”

“नाही,” मी म्हणाले.

तो एक शब्द परत घेता येत असता तर मी काय नसतं दिलं!

यंत्राचं नाव ‘उसासा’. तांब्याएवढं, भिंतीवर टांगायचं. सकाळी तोंड धुतलं की त्याच्या नळीत एक लांब श्वास सोडायचा. त्या वर्षी चाळीस हजार घरांत ते लागलं होतं, कुठं देवघराशेजारी, कुठं फ्रिजशेजारी. आपल्या श्वासातून शेकडो जातींचे रेणू बाहेर पडतात. यंत्र त्यांतल्या एकेकाच्या ओटीत एक प्रोटॉन टाकतं, म्हणजे हायड्रोजनचं नुसतं बी. त्या बीचा भार घेतलेला रेणू म्हणजे आयन. मग त्याच्यावर लेझरचा प्रकाश सोडायचा. आयनातले अणू कधीच निवांत नसतात, ते थरथरत असतात, आणि प्रत्येक आयनाची थरथर त्याची स्वतःची. जो प्रकाश त्या थरथरीशी जुळतो तो आयन पिऊन टाकतो आणि आलेखावर तिथं रेघ उमटते. रेघेला आकडा असतो, आणि आकड्यावरून नाव कळतं.

पण कुठल्या आकड्याला कुठलं नाव, हे यंत्राला सांगायचं कुणी? कितीतरी आयन धरून ठेवता येत नाहीत, हां हां म्हणेपर्यंत विरतात. त्यांची थरथर पुंजयामिकीच्या, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सच्या, समीकरणांतूनच काढावी लागते. ते माझं काम. सहाशे बारा आयनांची सूची मी केली होती. उसासाचं पंचांगच म्हणा. ते बघूनच यंत्र बोलायचं.

त्या गणितात एक सोय असते. दोन अणूंमधला बंध म्हणजे स्प्रिंग असं धरलं की उत्तर झटपट येतं. खरा बंध मात्र स्प्रिंगसारखा सरळ नसतो. दाबताना अडतो, ताणताना सैल पडतो. म्हणून खरी थरथर गणितापेक्षा थोडी मंद निघते, शंभराला चारेकानं. मग आलेला आकडा शून्य पूर्णांक शहाण्णवनं गुणायचा आणि मोकळं व्हायचं. माझे गुरू तांबोळी सर ह्याला ‘तूट’ म्हणायचे. त्यांच्या वडिलांचं मिरजेत विड्याच्या पानांचं दुकान होतं. “गठ्ठ्यात चार पानं सडकी निघणारच, बेटा. आधीच तूट धरायची.” सर निवृत्त झाले, शब्द राहिला. आमच्या खोलीत कुणी आकडा घेऊन आलं की पहिला प्रश्न तोच, “तूट धरली?”

मी दुपारच्या गाडीनं गावी निघाले. तासगावच्या पुढं आमचं घर, घरामागं द्राक्षबाग. ऑक्टोबरची छाटणी उरकली होती आणि फवारणीचे दिवस होते. औषधांची खोली गोठ्याला लागून. तिची किल्ली वहिनीच्या कमरेला.

आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. वाळलेली वाटली. तोंडानं तिची नेहमीची ओवी चालली होती:

“दोन गं विहिरी, मधी एकच पोहरा
हिचा का तिचा खरा, सांगू कशी...”

“आई, जेवतेस ना वेळेवर?”

“जेवते की.” तिनं सुपातला एक खडा उचलून फेकला. “तू रोडावलीस बघ.”

सारिका वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि ह्या घरात माझ्यासाठी आधी पाणी आणणारी तीच होती. त्या दिवशी मी तांब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, “तहान नाही, वहिनी.”

तिला ते कळलं. मला वाटतं, त्याच क्षणी कळलं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी आईचं रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. “पण तुमचं यंत्र रक्तापेक्षा हजारपट बारीक बघतं म्हणे,” डॉक्टर हसले. “मग मी काय बोलू?” मी त्या हसण्यात माझं कौतुक ऐकलं.

चार दिवस मी घरात राहिले आणि बघत राहिले. बघायचं ठरवलं की सगळंच दिसतं. वहिनी फोन आला की परसात जाऊन बोलायची. मंगळवारी ती “मैत्रिणीकडं जाऊन येते” म्हणून गेली आणि दादाच्या ओळखीच्या एकाला ती मिरजेच्या स्टँडवर दिसली. मैत्रीण तर विट्याची. आई आणि वहिनी स्वयंपाकघरात बोलत असायच्या आणि मी आत गेले की दोघी भांड्यांना लागायच्या. आणि एकदा आई पदराखाली काहीतरी झाकून गोठ्याकडे गेली. मी खिडकीतून बघितलं. वहिनीनं वाढलेली भाकरी तिनं कुस्करून म्हशीच्या पाटीत टाकली आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली.

मला वाटलं, आईलाही संशय आहे, आणि ती आधी म्हशीला घालून बघते आहे.

मी दादाला सांगितलं. दादानं कपाळाला हात लावला. “बारा वर्षं झाली गं,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसासानं आईच्या श्वासातल्या औषधाचा आकडा दुप्पट दाखवला. मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी भाकरी थापत होती.

“वहिनी, औषधाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे द्या.”

तिचे हात परातीत तसेच थांबले. “का, वन्सं?”

“आणि आजपासून आईचं जेवण तुम्ही करू नका.”

दादा दारात येऊन उभा राहिला, मान खाली घालून. वहिनीनं त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग पिठाच्या हातानंच किल्ली सोडून परातीच्या काठावर ठेवली.

“मंगळवारी कुठं गेला होता?” मी विचारलं.

“ते मी सांगणार न्हाई.”

“सांगण्यासारखं नसेल.”

“तुम्ही आकड्याला विचारलं, वन्सं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “एकदा मला विचारायचं हुतं. ‘सारिका, काय चाललंय तुझं’, एवढं. सांगितलं असतं का न्हाई ते पुढचं पुढं.”

आई मधे पडली. “स्वरे, ती तसली न्हाई. मी सांगते.”

“मग तू भाकरी म्हशीला का घालतेस?”

आईचं तोंड उघडलं. मी वाट बघितली. तिनं ओठ मिटून घेतले आणि पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, उत्तर मिळालं.

वहिनी त्याच दुपारी माहेरी गेली, आटपाडीकडे. आई दारात उभी राहून “सारे, अगं सारे” म्हणत होती. आमच्यातलं कुणीच फाटकापर्यंत गेलं नाही.

आता आकडा उतरायला हवा होता. मी रोज सकाळी आईसमोर नळी धरायचे, आणि आकडा चढायचा.

आईचा डबा शेजारच्या लतामावशींकडून येत होता. मी तो बंद केला. मावशी फाटकातून ओरडून गेल्या, “अगं भवाने, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या मी शिजवल्यात!” मग मी स्वतः रांधायला लागले. विहिरीचं पाणी बंद, बाटलीचं सुरू. आकडा चढतच राहिला. एका सकाळी दादा यंत्रासमोर उभा होता. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, “तू किती दिवस राहणार आहेस, स्वरू?”

“का?”

“न्हाई. सहजच.” त्यानं यंत्राच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली. “बाग अजून आईच्याच नावावर आहे. तुला ठाऊकच असंल.”

घरात संशय घ्यायला आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते मी होते.

त्याच आठवड्यात उसासा बनवणाऱ्या कंपनीचं पत्रक आलं. नवरात्र नुकतंच सरलं होतं. नऊ दिवसांत ह्याच औषधाचे इशारे एक हजार नऊशे चौदा घरांत वाजले होते. ‘घराघरांत लपलेलं विष उसासानं उघडं पाडलं,’ असं ठळक अक्षरांत. खाली एका सासूचा फोटो. तिच्या सुनेवर गुन्हा दाखल झाला होता. मी ते दोनदा वाचलं. एकाच नवरात्रात, इतक्या घरांत, एकच औषध? ज्या घरांत बाग नाही, शेत नाही, दारात तुळससुद्धा डब्यात लावलेली, त्या घरांतही?

तोवर मी फक्त यंत्राचा निकाल वाचत होते. नाव आणि मात्रा. त्या सकाळी मी पहिल्यांदा यंत्राकडून आईच्या श्वासाचा कच्चा आलेख मागवला आणि लॅपटॉप ओसरीवर घेऊन बसले.

औषधाच्या आयनाची मोठी रेघ सातशे साठला येते, आणि तिच्या पाठोपाठ एक धाकटी रेघ, वासरासारखी. आलेखावर वासरू नव्हतं. आणि मोठी रेघही टोकदार नव्हती. सातशे अठ्ठावन्नच्या आसपास ती ऐसपैस पसरली होती, दोन्ही कडा विरलेल्या.

ही रेघ मी ओळखत होते. जन्म दिल्यासारखी ओळखत होते.

ॲसिटोन म्हणजे पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी जळून श्वासात येतो तो रेणू. थोडा असला की एकेकटा असतो, प्रत्येकाच्या ओटीत आपापला प्रोटॉन. फार झाला की दोन-दोन जोडीनं बसतात, आणि दोघांच्यामध्ये प्रोटॉन एकच. तो ह्याचाही नाही, त्याचाही नाही. क्षणात इकडे, क्षणात तिकडे. पुंजयामिकीच्या हिशेबात तर एकाच वेळी दोन्हीकडे. त्याला स्प्रिंग धरून चालत नाही, कारण स्प्रिंगला एकच घर असतं. मी आठ महिने त्या एका प्रोटॉनच्या येण्याजाण्याचा सगळा रस्ता गणितात मांडला होता. ऊर्जेच्या दरीच्या तळापासून उंबऱ्यापर्यंत, इंच इंच. उत्तर आलं होतं सातशे अठ्ठावन्न, आणि वहीत मी त्या आयनाचं नाव आईच्या ओवीवरून लिहिलं होतं: पोहरा.

मी सूची उघडली. पोहरा: सातशे अठ्ठावीस.

सातशे अठ्ठावन्नला शून्य पूर्णांक शहाण्णवनं गुणलं की सातशे अठ्ठावीस येतात. जो आकडा पूर्ण खरा होता, ज्यात धरायला तूट उरलीच नव्हती, त्यावरही कुणीतरी तूट धरली होती. सवयीनं. त्यामुळे पोहरा खरा जिथं उमटायचा ती जागा पंचांगात औषधाच्या नावावर राहिली. पाहुणा आपल्या जागी येऊन बसला आणि यंत्रानं शेजाऱ्याच्या नावानं हाक मारली.

ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात नोंद होती. ‘तूट धरली. स्व.’

मी तांबोळी सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, “आख्ख्या पानांच्या गठ्ठ्यातनंसुद्धा चार पानं फेकलीस की, बेटा.” आणि थोड्या वेळानं, “शब्द माझाच होता.”

मी लॅपटॉप मिटला. आई समोरच होती, शेंगा सोलत. एकेक शेंग फोडायला तिला वेळ लागत होता.

“आई, तू उपास धरला आहेस.”

तिनं पुढची शेंग उचलली.

“मुका उपास.”

तिच्या माहेरी बायका असा उपास धरतात, लहानपणी तिनंच सांगितलं होतं. एखाद्या माणसाच्या जिवासाठी धरायचा. तोंडानं कुणाला सांगितला की वाया गेला, मागणं उलटतं. आपण जेवत नाही हे घरात कळू द्यायचं नाही, आणि पानातलं मुक्या जनावराला घालायचं. मला सगळं ठाऊक होतं. म्हैस खिडकीतून दिसत होती. तरी मला फक्त विष दिसलं.

“बोलू नकोस,” मी म्हणाले. “तू मोडला नाहीस. तुझा श्वास बोलला. मी नुसती मान बघते.”

आईनं मान हलवली. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं, पण तोंड मिटलेलं.

“वहिनी गेल्यावर एक वेळचंही सोडलंस?”

मान हलली.

“कुणासाठी धरलास?”

ह्यावर तिनं मान हलवली नाही. सोललेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि आटपाडीच्या रस्त्याकडे बघत राहिली.

कंपनीच्या देवस्थळींना मी तासाभरात सगळं कळवलं. ते फार गोड बोलतात. “स्वरूपाताई, ग्रेट कॅच! सोमवारी अपडेट सोडून देऊ. गुपचूप. लोकांना कशाला घाबरवायचं?”

“लोक घाबरलेले आहेत. त्या एक हजार नऊशे चौदा घरांना सांगायला हवं.”

“सांगितलं तर उद्या कुठल्याच निकालावर विश्वास ठेवणार नाहीत.”

“एका बाईवर गुन्हा आहे, देवस्थळी.”

“ते कोर्ट बघेल. आणि हे बघा,” त्यांचा आवाज मऊ झाला, “नोंदीत सही तुमची आहे. मी तुमचाच विचार करतोय.”

सूचीला शुद्धिपत्र जोडायचा अधिकार मात्र सूची करणाऱ्याचाच होता, आणि ते प्रत्येक यंत्राच्या काचेवर उमटायचं. मी ते चार ओळींत लिहिलं. ‘ह्या तारखांना आपल्या घरात दिसलेलं औषध औषध नव्हतं. ती उपाशी माणसाच्या श्वासाची खूण होती. चूक यंत्राची नाही, आकडा देणारीची आहे. आपण ज्यांच्यावर संशय घेतला त्यांना हे दाखवा.’ खाली पूर्ण नाव घातलं. दुपारपर्यंत माझा संस्थेतला प्रवेश बंद झाल्याचा निरोप आला. मी तो दादाला दाखवला. त्यानं वाचला, आणि जीप बाहेर काढली.

आटपाडीच्या अलीकडे, माळावर वहिनीचं माहेर. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई जीपमधून उतरताना दादाच्या खांद्यावर रेलली. वहिनी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं बघितलं, पण पुढं आली नाही.

“सारिका,” दादा म्हणाला.

मी सगळं सांगितलं. तूट, पोहरा, माझी सही. ती चादरीची घडी घालत ऐकत होती.

“शुद्धिपत्र वाचलं मी,” ती म्हणाली. “इथल्या शाळेतल्या बाईंच्या घरी आहे तसलं यंत्र. त्यांनी मुद्दाम बोलावून दाखवलं. पुस्तकात चूक झाली की शेवटच्या पानाला चिकटवतात, तसंच ना ते?”

“हो.”

“माणसाला कुठं चिकटवायचं, वन्सं?”



मग तिची नजर आईकडे गेली. गळ्याची हाडं, सैल झालेल्या बांगड्या. घडी तिच्या हातातच राहिली. “म्हणजे औषध न्हवतं तर... आत्या, तुम्ही जेवत न्हवता?” ती दोन पावलं पुढं आली. “कधीपासनं? मी तुम्हाला गाठीचं सांगितलं त्या दिवसापासनं?”



“कसली गाठ?” दादानं विचारलं.

वहिनीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “छातीत गाठ लागली हुती. मिरजेला मंगळवारी तपासायला जायची. कुणाला सांगू नका म्हणून आत्यांना शपथ घातलेली.” ती आईकडे वळली. “आत्या, रिपोर्ट आला की हो परवाच. साधी गाठ हाय. काय न्हाई. मी कुणाला सांगणार हुते? फोन कुणाला करणार हुते?”

आईनं खाली बसकण मारली, तिथंच, अंगणात. इतक्या दिवसांनी ती भुकेचं बोलली. “मग वाढ की गं. भूक लागली.”

वहिनी आत गेली. चुलीवरून भाकरी उतरल्याचा वास आला. मी आणि दादा अंगणाच्या कडेला उभे होतो, आम्हाला कुणी बसा म्हटलं नव्हतं. ती बाहेर आली ती ताटली घेऊन. मऊ भाकरी दुधात कुस्करलेली. आईच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

घास कालवला. आईनं तोंड उघडलं.

वहिनीचा हात मधेच थांबला. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावला आणि गिळला. नजर माझ्यावरून हलवली नाही.

मग दुसरा घास आईला भरवला.

ह्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. वहिनी घरी परतली, आई पुन्हा भरली, भिंतीवर यंत्राच्या जागी नुसता खिळा आहे. मी गावी गेले की वहिनी आधी पाणी आणते, पूर्वीसारखंच. ओसरीवर उभी राहते, माझ्यासमोर त्या तांब्यातून एक घोट स्वतः पिते, आणि मग तांब्या माझ्या हातात देते.